गोदाकाठचे समुद्रफूल

आमच्या घरी आलेले पहिले समुद्रफूल अवघे १९ दिवस जगले. विसाव्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, "टाकीतले पाणी दुधासारखे झाले आहे. जमले तर येऊन जा." मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा तीनपैकी दोन मासे तळाशी निश्चल पडले होते आणि ७७ वर्षांचे माझे वडील हातमोजे चढवून उरलेल्या एका माशाला जाळीत घेण्याची खटपट करीत होते. जेवणाच्या टेबलापाशी आई बसली होती. तिने विचारले, "फूल कुठे गेले?"

आईला स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आपले जेवण झाले की नाही हे ती विसरत असे. पण त्या फुलाविषयी तिने पुढचे चार दिवस रोज विचारले.

ती टाकी तिच्यासाठीच आणली होती. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अॅलन बेक यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला होता. अल्झायमर झालेल्या ६२ व्यक्तींच्या निवासगृहांत, भोजनाच्या खोलीत रंगीत माशांच्या टाक्या ठेवल्यावर त्यांचे खाणे सुमारे २१ टक्क्यांनी वाढले आणि पुढील आठवड्यांत वजनही थोडे वाढले, असे त्यात नोंदवले आहे. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून माशांची टाकी हे औषध ठरत नाही. पण ताटातला घास हातात धरून दहा-दहा मिनिटे शून्यात पाहणाऱ्या माणसाला भरवण्याची ज्यांच्यावर वेळ आली आहे, ते असा उपाय करून पाहण्याचा मोह का होतो हे जाणतील. खरे तर त्यासाठी गोड्या पाण्याची साधी टाकी पुरली असती. खाऱ्या पाण्याचा हट्ट माझ्या मुलाचा. त्याला 'नीमो' हवा होता, आणि नीमो म्हटले की त्याच्या घराचे समुद्रफूल आलेच. आजोबांनी नातवाचा शब्द मोडला नाही.

फूल नव्हे, प्राणी

समुद्रफूल, म्हणजे सी-अॅनिमोन, हा प्रवाळाचा आणि जेलीफिशचा आप्त आहे. त्याला मेंदू नाही, हाडे नाहीत. खाली खडकाला चिकटून राहणारी मांसल बैठक, वर मधोमध एकच तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचे वलय, एवढाच त्याचा देह. त्याच तोंडाने अन्न आत जाते आणि त्याच तोंडाने टाकाऊ भाग बाहेर येतो. शुंडकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात, त्यांनी ते भक्ष्याला बधिर करते. दुकानात येणाऱ्या उष्ण समुद्रांतील मोठ्या समुद्रफुलांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे अशा समुद्रफुलाला प्रकाश हा निम्म्याहून अधिक आहारच असतो. घरातल्या ट्यूबलाइटवर ते जगत नाही. त्याला प्रवाळांसाठी बनवलेला प्रखर एलईडी दिवा दिवसाला आठ ते दहा तास लागतो.

पाण्याविषयी बाबांना कुणी काही शिकवावे अशी परिस्थिती नव्हती. एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या जलप्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यातील क्षारांचे हिशेब त्यांनी आयुष्यभर ठेवले. टाकी भरल्यापासून पाचव्या आठवड्यात त्यांच्या वहीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य अशी नोंद आहे. कागदावर सारे ठीक होते. दुकानदारही "आता चालेल" म्हणाला. त्याच संध्याकाळी समुद्रफूल घरी आले.

चूक नेमकी कुठे झाली हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगितले तर लवकर ध्यानात येईल. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. याला विरजण लागणे म्हणू. आमच्या टाकीला विरजण लागले होते, पण लोणचे मुरले नव्हते. खडकांवर, वाळूत, काचेवर असंख्य सूक्ष्म जीवांचा समतोल बसायचा असतो. तो बसेपर्यंत क्षार, आम्लता, पोषकद्रव्ये यांचे प्रमाण दिवसागणिक वरखाली होत राहते. मासे एवढे सहन करतात, समुद्रफूल करीत नाही. म्हणून अनुभवी मंडळी टाकी सहा महिन्यांची, शक्यतो वर्षाची झाल्याखेरीज त्यात समुद्रफूल सोडू नका असे सांगतात. बाबांच्या परीक्षानळ्यांत जे मोजता येत होते ते सारे बरोबर होते. वय मोजण्याची परीक्षानळी नसते.

त्या १९ दिवसांच्या नोंदी आजही वहीत आहेत. पहिल्या आठवड्यात ते टाकीभर फिरत राहिले. मग आक्रसले. बाराव्या दिवसापासून तोंड सैल, उघडे दिसू लागले. एकोणिसाव्या संध्याकाळी पाण्याला कुजका वास आला. बाबांना शंका आली होती, पण "सकाळपर्यंत पाहू, कदाचित सावरेल" असे म्हणून त्यांनी ते राहू दिले. मेलेले समुद्रफूल काही तासांत विरघळू लागते आणि सगळे पाणी नासवते. मासे त्या रात्री गेले. तोंड सतत उघडे, शुंडके लोंबकळलेली, बैठक सुटलेली आणि वास येत असेल, तर रात्र काढू नये. त्याच क्षणी ते बाहेर काढावे.

मात्र आक्रसलेले प्रत्येक समुद्रफूल मरणपंथाला लागलेले नसते, हेही सांगायला हवे. मलविसर्जनाच्या वेळी ते मुठीएवढे लहान होते, तपकिरी धागे बाहेर टाकते आणि काही तासांनी पुन्हा फुलते. नवख्या माणसाचा जीव अशा वेळी उगाच टांगणीला लागतो. तोंड घट्ट मिटलेले आणि बैठक खडकाला धरून आहे ना, एवढे पाहावे.

अकरा महिने

बाबांनी टाकी मोडली नाही. उरलेला एक मासा आणि काही खडक घेऊन त्यांनी अकरा महिने वाट पाहिली. या काळात नाशिकमध्ये समुद्र सांभाळणे म्हणजे काय, ते आम्हाला कळले.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर, घाटमाथ्याच्या अलीकडे. मुंबईचा किनारा रस्त्याने जेमतेम १७० किलोमीटर. "चौपाटीवरून दोन कॅन पाणी आणले तर?" असे माझ्या मुलाने सुचवले होते. तसे करू नये. शहरालगतच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि रोगजंतू असतात. खाऱ्या टाकीसाठी खास बनवलेले सागरी मीठ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार समुद्राच्याच प्रमाणात असतात. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ किंवा जाडे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. ते टाकीत थेट घालायचे नसते. वेगळ्या बादलीत, लहान पंपाने ढवळत, आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचे.

आता पाणी. नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असते, शिवाय क्षार असतात. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. पण इथे एक खाच आहे, ती आमच्या लक्षात थोडक्यात आली. हल्ली घरगुती आर.ओ. यंत्रांत आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबे मिसळणारी कांडी असते. माणसाला ते चालते. समुद्रफुलाला आणि एकूणच बिनकण्याच्या सागरी जीवांना तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक असते. त्याच कारणाने देवघरातला तांब्याचा गडू, पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा यांतले पाणी टाकीत कधीही घालू नये. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, ती समुद्रफुलाच्या टाकीत वर्ज्य. आईला तांब्यातले पाणी झाडांना घालण्याची जुनी सवय. म्हणून टाकीच्या झाकणाला बाबांनी लहानशी कडी लावली.

क्षारतेचे गणित मात्र समजले की सोपे आहे. पाणी उडून जाते, मीठ उडून जात नाही. एप्रिलमध्ये नाशिकची कोरडी हवा टाकीतले पाणी झपाट्याने उडवते आणि मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. घट भरून काढायची ती नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने. बाबांनी काचेवर पाण्याच्या पातळीशी निळी चिकटपट्टी लावली आहे. रोज सकाळी चहाआधी पट्टीपर्यंत गोडे पाणी भरायचे, हे त्यांचे काम. मीठ घालायचे ते फक्त पाणी बदलताना. क्षारतामापकावर सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ राहावी, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस. मुंबईकर फक्त उन्हाळ्याची काळजी करतात, आपल्याला दोन्ही बाजूंनी लढावे लागते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे किमान तापमान दहा अंशांखाली उतरते आणि भिंतीलगतची टाकी रात्रीत थंड पडते. त्यासाठी तापनियंत्रक असलेला हीटर हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पंख्याने पाणीही अधिक उडते, म्हणून निळ्या पट्टीकडे दिवसातून दोनदा पाहावे लागते. ज्यांना परवडेल त्यांनी शीतयंत्र घ्यावे. वीज गेली की पहिला प्रश्न प्राणवायूचा असतो. इन्व्हर्टरवर किमान एक पंप जोडलेला असावा किंवा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा.

डासांचे फवारे ही आणखी एक गोष्ट. त्यांतील पायरेथ्रॉइड प्रकारची कीटकनाशके मासे आणि जलचरांना अतिशय विषारी असतात. टाकीच्या खोलीत फवारा मारू नये. गल्लीत धूरफवारणी होत असेल तेव्हा खिडक्या लावाव्यात आणि टाकीवर ओले कापड टाकावे. अगरबत्तीही दूरच बरी.

बाकीचे आकडे थोडक्यात. सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४. अमोनिया व नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास, वीसच्या वर नको. आठवड्यातून एकदा तपासणी पुरते. आकडा बिघडला तर एका दिवसात दुरुस्त करू नये. बिघाडापेक्षा घाईने केलेली दुरुस्ती समुद्रफुलाला अधिक भोवते.

दुसरे आले, आणि खुर्ची हलली

दुसरे समुद्रफूल आम्ही दुकानातून आणले नाही. बाजारात येणारी बरीचशी समुद्रफुले थेट समुद्रातून खुडलेली असतात. प्रवासात त्यांची बैठक फाटते, काही रंग उडालेली म्हणजे शैवाल गमावलेली असतात. शुभ्र समुद्रफूल दिसायला मोहक असते, पण ते उपासमार झालेले असते. नवशिक्याने बबल टिप या जातीचे घ्यावे. त्याच्या शुंडकांची टोके फुग्यासारखी असतात आणि मोठ्या समुद्रफुलांत ते सर्वांत सोशिक मानले जाते. गालिच्यासारखी पसरणारी जात नवशिक्यांनी टाळावी. बबल टिप कधी कधी आपणहून दुभंगते आणि एकाची दोन होतात. नाशिकमधल्याच एका हौशी गृहस्थांकडे असे झाले होते, त्यातले एक त्यांनी आम्हाला दिले. टाकीतच जन्मलेले असल्याने त्याला टाकीची सवय होती.

आणलेल्या पिशवीत आपल्या टाकीचे पाणी थेंबाथेंबाने तासभर सोडून मग ते आत ठेवले. पंपांच्या तोंडांना त्याआधीच स्पंज बांधला होता. समुद्रफूल चालते. आवडती जागा मिळेपर्यंत ते रात्री-बेरात्री सरकत राहते आणि पंपाच्या तोंडाशी गेले तर त्याच्या चिंध्या होतात. नवख्यांच्या टाक्यांतील अनेक समुद्रफुले अशीच जातात.

बाबांनी त्याच्यासाठी समोरच एक सुरेख खडक रचला होता, आईच्या खुर्चीतून नेमका दिसेल असा. ते तीन दिवस भटकले आणि चौथ्या दिवशी डाव्या बाजूला, मागच्या खडकाच्या कपारीत बसले. खुर्चीतून त्याचे एक शुंडकही दिसेना. बसलेल्या समुद्रफुलाला ओढून काढता येत नाही, बैठक फाटली तर जंतुसंसर्ग होऊन ते मरते. दोन दिवस बाबा अस्वस्थ होते. मग त्यांनी जेवणाचे टेबल भिंतीपासून सोडवले आणि आईची खुर्ची टाकीच्या डाव्या बाजूला नेली. आमच्याकडे आलेल्यांना ती रचना विचित्र वाटते. आता ती तशीच आहे.

आहाराचा प्रश्न वेगळाच निघाला. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, वाटाण्याएवढा कोलंबीचा तुकडा, मीठ-हळद न लावलेला, लांब चिमट्याने शुंडकांवर अलगद ठेवायचा. एवढेच. न खाल्लेला तुकडा तासाभराने काढून टाकायचा, कारण तो कुजला की पुन्हा अमोनिया. आमचे घर चातुर्मास पाळणारे. श्रावणात फ्रिजमध्ये कोलंबीचा डबा ठेवायचा कसा, यावर आमच्या मोठ्या आत्यांनी दूरध्वनीवरून बरीच चर्चा केली. शेवटी तो डबा माझ्या घरी राहू लागला आणि रविवारी माझा मुलगा एक तुकडा कागदात गुंडाळून आजोबांकडे नेऊ लागला. त्यामुळे एरवी महिन्यातून एकदा जाणारा मुलगा दर आठवड्याला जाऊ लागला, हा आमचा अनपेक्षित लाभ.

क्लाउनफिश आणि समुद्रफूल यांचे सख्य प्रसिद्ध आहे. टाकीत मात्र दोघेही एकमेकांवाचून जगू शकतात. त्यामुळे ज्यांना फक्त नीमो हवा आहे त्यांनी समुद्रफुलाच्या वाटेला जाऊ नये. माशांची मात्र प्रजननकेंद्रांत वाढवलेली पिल्लेच मागावीत. आपल्या राज्यात ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात असे काम झाले आहे. सजावटीसाठी खरे प्रवाळ, समुद्रपंखे किंवा समुद्रघोडे कुणी देऊ केले तर नकार द्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते बाळगणे गुन्हा आहे.

सांभाळणाऱ्याची प्रकृती

या पाक्षिकाच्या वाचकांसाठी हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण छंदाच्या पुस्तकांत तो सहसा दोन ओळींत उरकतात.

आमची टाकी १२० लिटरची आहे. याहून लहान टाकी सोपी असेल असे वाटते, पण उलट असते. थोड्या पाण्यात तापमान आणि क्षारता पटकन बदलतात. मात्र पाणी, खडक, काच मिळून हे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. शोकेसवर किंवा जुन्या कपाटावर ती ठेवू नये, भक्कम लोखंडी स्टँड करून घ्यावा. पंधरवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे असते. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलो. कंबर, गुडघे, हर्निया, हृदय यांपैकी कशाचीही तक्रार असलेल्याने ती उचलू नये. आम्ही पाच लिटरचे दोन कॅन वापरतो आणि तेही माझा मुलगा उचलतो. बाबा फक्त नळी धरतात.

खाली सांडलेले पाणी हा वृद्धांच्या घरातला सर्वांत मोठा धोका. खारे पाणी फरशीवर वाळले तरी चिकट, ओलसर थर राहतो. टाकीपुढे रबरी चटई अंथरावी आणि पाणी बदलून झाले की गोड्या पाण्याने फरशी पुसून घ्यावी. चटईची कड मात्र उचललेली नको, नाहीतर तिलाच अडखळायला होते. विजेच्या तारा जोडणीच्या पातळीखाली झोळ देऊन वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब बटणात शिरत नाहीत. घरात ईएलसीबी नसेल तर टाकीआधी ती बसवावी. पाण्यात हात घालताना हीटर आणि पंप बंद करावेत.

हातावर जखम, भेग किंवा सोललेली कातडी असेल तर टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू टाक्यांच्या पाण्यात असू शकतो. तो जखमेतून शिरला तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, लाल-जांभळी गाठ येते आणि ती हटता हटत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी याबाबत विशेष दक्ष असावे. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगावे. ते सांगितले नाही तर निदान महिनोन्‌महिने लांबते. कोपरापर्यंतचे हातमोजे वापरले तर समुद्रफुलाच्या दंशापासूनही बचाव होतो. बबल टिपचा दंश बहुतेकांना किरकोळ वाटतो, पण वृद्धांची पातळ त्वचा आणि अॅलर्जीचा पूर्वेतिहास यांचा भरवसा देता येत नाही. मोजे नसतील तर साबण, बाम, तेल यांचा अंशही हातावर नको. तो समुद्रफुलाच्या हिताचा नाही.

समुद्रफुलासोबत दुकानात झोअँथिड नावाचे, बटणासारख्या रंगीत फुलांचे गुच्छ विकायला असतात. ते स्वस्त आणि देखणे असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे गुच्छ असलेला खडक गरम पाण्यात उकळल्याने किंवा ब्रशने घासल्याने उडालेल्या वाफा-तुषारांमुळे अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत. वृद्ध, मुले किंवा दम्याचे रुग्ण असलेल्या घरात ते आणू नयेत, आणि टाकीतला कोणताही खडक कधीही उकळू नये.

आता स्पष्टच लिहिते. जे ज्येष्ठ एकटे राहतात, ज्यांचे हात थरथरतात किंवा जे वर्षातून दोनदा महिना-महिना मुलांकडे जातात, त्यांनी समुद्रफूल पाळू नये. खर्चही गोड्या पाण्याच्या टाकीच्या कितीतरी पट येतो आणि वीज रात्रंदिवस जळते. समुद्रफूल पाहण्याची हौस असेल तर रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहावे. तिथला देवमाशाचा सांगाडाही नातवंडांना आवडतो. ओहोटीच्या वेळी, चांगली पादत्राणे आणि कुणाचा तरी हात धरून, मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही समुद्रफुले पाहता येतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा निसर्गप्रेमींचा गट २०१७ पासून अशा किनारफेऱ्या काढत आला आहे. त्यांना हात लावू नये, आणि घरी तर मुळीच आणू नये.

आईच्या जेवणात फरक पडला का, असे मला अनेक जण विचारतात. तिचे वजन गेल्या वर्षभरात घटले नाही, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. त्याचे श्रेय टाकीला, बदललेल्या औषधाला की बाबांच्या चिकाटीला, हे मला ठरवता येत नाही. ती जेवताना डावीकडे पाहते. कधी त्याला फूल म्हणते, कधी शेवंती म्हणते. दिवा मंदावला की ते मिटू लागते, तेव्हा "झोपले" म्हणते, आणि पुष्कळदा त्यानंतर स्वतःही झोपायला उठते. संध्याकाळी तिला येणारी बेचैनी बाबांना ठाऊक आहे, म्हणून दिव्याची वेळ त्यांनी त्यानुसार लावली आहे. फरक बाबांमध्ये अधिक दिसतो. दिवसभर दुसऱ्याच्या दुखण्याला बांधलेल्या माणसाला सकाळची दहा मिनिटे स्वतःच्या कामाची मिळाली आहेत.

एक प्रश्न बाबांनीच काढला. समुद्रफूल जगते किती? नेमके वयोमान कुणी सांगू शकत नाही, इतके ते दीर्घायुषी असते. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले. ते थंड समुद्रातल्या, शैवाल न बाळगणाऱ्या जातीचे होते, त्यामुळे दिव्याचा प्रश्न नव्हता. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. बरणी दुसऱ्याकडे गेली, त्यांच्यानंतर तिसऱ्याकडे. एकामागून एक जणांनी ते सांभाळले. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत. १८८७ मध्ये ते मेले, तेव्हा आणून ५९ वर्षे झाली होती.

हे ऐकल्यावर बाबांनी वहीचे शेवटचे पान उघडले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत रोजची, आठवड्याची आणि पंधरवड्याची कामे लिहिली. मीठ किती, पट्टी कुठवर, कोणता पंप इन्व्हर्टरवर, वास आला तर काय करायचे. खाली माझे नाव आणि त्याखाली माझ्या मुलाचे. ज्यांनी आम्हाला समुद्रफूल दिले त्या गृहस्थांचा क्रमांकही लिहिला. आम्हा दोघांनाही जमले नाही तर ते परत घेतील असे त्यांनी कबूल केले आहे. समुद्रफूल नदीत किंवा समुद्रात सोडायचे नाही, हे वाक्य बाबांनी अधोरेखित केले आहे.

मग त्यांनी मला विचारले, "त्या आजीला खायला काय घालत?"

"पंधरवड्यातून एकदा, अर्धा शिंपला," मी म्हणाले.

"अर्धाच? तोही पंधरवड्यातून एकदा?" बाबांनी चष्मा सारखा केला, वहीतल्या आहाराच्या रकान्यावर एकदा नजर फिरवली आणि टाकीकडे पाहून म्हणाले, "आपण याला फारच लाडावून ठेवले आहे."